आखाजीला माहेरी नेणारी दोन सीटची गाडी

जुन्या गाड्यांचे शौकीन मला हमखास विचारतात, तुमच्या नानांनी पहिलीच गाडी दोन सीटची का बनवली? नाना म्हणजे माझा भाऊ. विलायती मासिक बघून बनवली, असं कुणीतरी लिहूनही टाकलंय. कसलं मासिक अन् कसलं काय! त्या गाडीतली पहिली प्रवासी मी, साक्री ते सुरत, सत्तरच्या दशकातल्या एका वैशाखात.

सासर माझं साक्रीजवळच्या खेड्यात, माहेर सुरतेत उधन्याला. आम्हा खानदेशी लोकांत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते, पण माहेरचा मुऱ्हाळी न्यायला आला तरच. वडील गेलेले, भाऊ एकच, तोही मिलच्या वर्कशॉपात फिटर. एका सुट्टीत बसनं येणं-जाणं जमेना. तीन आखाज्या मी सासरीच काढल्या. आईचं दुखणं वाढत चाललं होतं आणि तिनं माझी मुलगी अजून पाहिलीही नव्हती. एकटी जाते म्हटलं, तर सासूबाई ऐकेनात.

मग पठ्ठ्यानं गाडीच बनवली. इंजिन भंगारातलं, पत्रा स्वतः ठोकलेला, ना छप्पर ना दारं. एक सीट मुऱ्हाळ्याची, एक बहिणीची. हिशेब चोख होता, फक्त त्यात भाची राहून गेली.

अंगणात गाडी थांबली तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. दार नसलेल्या गाडीत तीन वर्षांचं पोर मांडीवर कसं घ्यायचं? सासूबाई म्हणाल्या, पोर राहू दे इथं. माझा तर पायच उचलेना. नाना म्हणाला, "भाचीले सोडीसन मी जावाव नही." त्यानं सीटमागची स्टेपनी काढली आणि त्या खळग्यात गोधडी अंथरून भाचीला बसवलं. स्टेपनी घरात ठेवायला निघाला, तर सासूबाईंनी ती अंगणातच तारण म्हणून ठेवून घेतली.

"चाक आठेच ऱ्हाऊ दे. सोडाले येनंच पडी."

आणि कोंडाईबारीच्या घाटात चाक बसलं. नाना ते काढून एका ट्रकमधून विसरवाडीला पंक्चर काढायला गेला. आम्ही मायलेकी झाडाखाली भाकरी-ठेचा खात बसलो. जाणारा-येणारा प्रत्येक ट्रक गाडी बघायला हळू व्हायचा. आता तो रस्ता रुंद झालाय, तरी माझं ऐका, स्टेपनी घेतल्याशिवाय घाट चढू नका. नवापूरला चहा घेतला, पत्रा इतका तापला की हात टेकवेना. बारडोलीला पात्रा, म्हणजे गुजराती अळूवडी, खाल्ला. तुम्हीही खा, तिथला चुकवू नये.

उधन्याला पोचलो तेव्हा गल्ली गाडीभोवती जमली. आईनं गाडीकडे पाहिलंच नाही. "मनी आंडेर उनी," माझी लेक आली, एवढंच म्हणाली आणि भाकरतुकडा ओवाळायला पुढे आली. तेवढ्यात गोधडीतून पोरगी उठून बसली. आईच्या हातातला तुकडा तसाच राहिला. तिनं नातीला उचललं ते झोपेपर्यंत खाली ठेवलं नाही.

ती आईची शेवटची आखाजी. नाना ठरल्याप्रमाणे मला सोडायला आला, तेव्हा सासूबाईंनी स्टेपनीवर सूप ठेवून कुरडया वाळत घातल्या होत्या.

पुढे नानानं नोकरी सोडून अशाच गाड्या बनवल्या. प्रत्येकीत दोन सीटा आणि मागे तो खळगा. शौकीन त्याला सामानाची जागा म्हणतात, त्यात बॅगा बसत नाहीत म्हणून तक्रारही करतात. कशा बसतील? ते माप माझ्या मुलीचं आहे.