जळत्या पुलाचा अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं. पण लिहायला बसल्यापासून दोनदा उठून चहा केला, आणि दोन्ही वेळा तो मला नकोच होता.

तर मुळापासून. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. बियाणं बाजारात जायच्या आधी ते उगवतं की नाही हे आम्ही बघतो. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, उबदार कपाटात उभी ठेवायची, दिवस भरले की उलगडायची. धड रोपं वेगळी, वाकडी-तुटकी वेगळी, कुजलेले दाणे वेगळे. दिसलं ते लिहायचं. एकदा साहेब येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, या लॉटचा आकडा जरा वर घ्या ना." मी म्हटलं, "साहेब, दाणा वर आला तर आकडा वर येईल." आकडा होता तोच गेला. हे मिरवायला सांगत नाही. खरं सांगणं मला जमत नव्हतं अशी समजूत तुम्ही करून घेऊ नये, म्हणून सांगते.

आता गाणी. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिनं नवा फोन घेतला आणि जुना माझ्याकडे आला. त्यात तिची गाणी तशीच होती — सगळी इंग्रजी, सगळी रॉक. गुंडाळ्या उलगडताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून एकदा फोन बाजूला ठेवून लावली. पहिल्या गाण्याला तर वाटलं फोन बिघडला. आमच्या विमलबाई कपाटं पुसत होत्या, त्या दचकून म्हणाल्या, "मॅडम, कोन मारून राह्यलं वो त्याला?"

बंदच करणार होते. तेवढ्यात एक ओळ कानात अडकली. तिचा मतलब असा — तळघरात कुणीतरी दिवा लावून गेलंय, आणि बिल माझ्या नावावर आलंय. माझा चिमटा हातात तसाच राहिला. घरचं वीजबिल मी भरते, मला हा प्रश्न लगेच कळतो. दिवा लावला कुणी? गाणं काही सांगत नाही! मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, रॉक आहे ते, तू नुसतं ऐक ना." नुसतं? अर्धवट कळलेली गोष्ट मला घरात ठेवता येत नाही. रविवारभर तूरडाळ निवडत मी तेच गाणं ऐकलं, मग त्याच गायकाची बाकीची ऐकली. आणि एका भलत्याच गाण्यात सापडलं — जिन्याखाली बाटल्या लपवणारा बाप, आणि पोराला सगळं माहीत असतं. म्हणजे तळघर हे तळघर नव्हतंच! ते त्या पोराचं पोट होतं, बापाचं गुपित तिथं जळत होतं आणि किंमत पोरगं मोजत होतं. काय सांगू तुम्हाला, मी डाळीचं ताट बाजूला ठेवून उभीच राहिले. पन्नाशीला टेकलेली बाई, स्वयंपाकघरात एकटीच हसते आहे.

गाण्याच्या व्हिडिओखाली मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत हे लिहिलं. कुठल्याशा देशातल्या माणसाचं उत्तर आलं — कित्येक वर्षं ऐकतोय, हे कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये पेढे नेले. विमलबाईंनी विचारलं, "पोरीचं जमलं का?" मी म्हटलं, "नाही, तळघराचं जमलं."

तिथून चटकच लागली. रोज जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एक गाणं. शब्दांचा अर्थ आता फोनसुद्धा सांगतो. पण आतला अर्थ? तो मी काढायची. आरसा म्हणजे मोठा भाऊ, कुत्रा म्हणजे लढाईवरून परत आलेला मित्र, तिसऱ्या कडव्यात ढोल एकदम थांबतात ते कुणीतरी गेलं म्हणून. पॅकिंग विभागातल्या बायकासुद्धा डबे घेऊन यायला लागल्या. मी बोलायला लागले की घास हातात थांबायचे. असं कुणी माझं कधी ऐकलं होतं? घरी मी बोलते ते गॅस संपला, पाणी आलं, एवढंच.

आणि सगळ्यात जास्त ऐकायची ती नसरीन.

नसरीन माझ्याच टेबलावर समोर बसते. आम्ही एकाच हंगामात कामाला लागलो, दोघी बी.एस्सी. तिचा नवरा रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. सकाळी मी स्कूटी काढते, ती तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असते, मागे बसते, आणि एमआयडीसी येईपर्यंत आम्ही भांडतो — गाण्यावरूनच. तिनं एक दिवस तिच्या नानीची गोष्ट सांगितली. घरात काही ठरत नसलं की नानी फाल पाहायची. डोळे मिटून गझलांचं जुनं पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं, बोटाखाली येईल तो शेर म्हणजे उत्तर. पण दोन अटी होत्या.

"ज्याची फाल, त्यानं अर्थ लावायचा न्हाई," नसरीन म्हणाली. "तो दुसऱ्यानं सांगायचा. आणि सांगणाऱ्यानं पदरचं काही घालायचं न्हाई, ताई. जे आलं ते बराबर तसंच."

मी म्हटलं, पुस्तक कशाला, फोन आहे की! डोळे मिटायचे, मनात प्रश्न धरायचा, गाणी उलटसुलट लावायची, कुठंही बोट दाबायचं. येईल ती ओळ खरी. काय धमाल झाली ती! विमलबाईंनी सुनेला माहेरी पाठवायचं की नाही ते रॉकवर ठरवलं. कुणी बोअर कुठं मारायचा ते विचारलं. नसरीन हसायची, "मी फाल-बिल मानत न्हाई हां, पण तुम्ही सांगता ते बिलकुल खरं निघतं." आणि निघायचं खरंच! कारण — हे मी तेव्हाच जाणून होते — ओळ ऐकली की माणसाच्या तोंडावर काय उमटतं ते बघून मी सांगायची. त्याच्या मनात आधीच असलेलंच मी त्याला परत द्यायची. तोवर पदरचं कधी घातलं नव्हतं.

इथंच थांबावं असं वाटतंय. पण नाही.

गेल्या वर्षी कंपनीनं हैदराबादला नवी प्रयोगशाळा काढायचं ठरवलं. साहेबांनी नसरीनला बोलावलं. इन्चार्ज. स्वतःची केबिन, हाताखाली माणसं, राहायला घर. तिची मोठी बहीण तिथंच राहते. नवऱ्याला तिथं काम मिळण्यासारखं होतं, आणि तो म्हणाला होता, तू म्हणशील तसं. सगळं तिच्यावर होतं. दोन दिवसांत हो की नाही कळवायचं.

साहेबांनी मला बोलावलं नव्हतं. का बोलावलं नाही हे मी विचारलंही नाही. तिचं काम माझ्यापेक्षा शांत आहे, माणसं तिच्याजवळ टिकतात. मला माहीत होतं.

जेवायच्या सुट्टीत ती डबा न उघडता बसली. म्हणाली, "ताई, मन तर जायचंच म्हणून राह्यलं. पर भीती वाटते. एवढी वर्षं इथं गेली. तुम्ही फाल पाहा ना." आणि तिनं डोळे मिटले. फोन मी तिच्या हातात दिला. तिनं बोट दाबलं.

ओळ आली ती अशी — मागचा पूल पेटलाय, तू चालत राहा. ज्या घराला कुलूप लावलंस त्याची किल्ली नदीत टाक.

इतकी स्वच्छ ओळ मला कधीच मिळाली नव्हती! त्या गाण्याचा मी आधी विचारच केला नव्हता, तरी सगळं एका क्षणात उभं राहिलं. पूल मागचा पेटलाय, पुढचा नाही. किल्ली टाकायची म्हणजे हात मोकळा करायचा. ढोलसुद्धा पायांच्या चालीवर होते — ऐकणाऱ्याला उठून चालायला लावणारे. गाणं सरळ सांगत होतं, जा. आणि नसरीनच्या तोंडावर तेच उमटलं होतं. डोळे मिटलेले, आणि ओठ हसू का नको असे.

मी म्हणाले, "थांब म्हणतंय."

मग मी सुरू झाले. पूल जळतोय म्हणजे परतीची वाट गेली, म्हणाले. किल्ली नदीत टाकली ती हौसेनं नाही, रागात टाकली, आणि शेवटच्या कडव्यात तो ओरडतो ते किल्ली शोधताना ओरडतो. एवढ्यावर थांबले नाही. मी सांगितलं की हा गायक खरंच आपलं गाव सोडून मोठ्या शहरात गेला होता, तिथं त्याचं गाणं चाललं नाही, माणसं तुटली, आणि गावाकडे परत आल्यावर त्यानं हे लिहिलं. असं मी कुठंही वाचलेलं नव्हतं. तो गायक कुठल्या गावचा हेही मला ठाऊक नव्हतं. तिथल्या तिथं रचलं, शब्दाला शब्द जोडत — आणि इतकं सुंदर जुळत गेलं! बाकीच्या बायका पुढं सरकल्या. विमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला खरं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते, मला मजा येत होती. घाबरत घाबरत खोटं बोलले असं काही नाही. तितका चांगला अर्थ मी त्याआधी कधी सांगितला नव्हता आणि त्यानंतरही सांगितला नाही.

नसरीननं डोळे उघडले. फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "मंग राहू द्या." डबा उघडला आणि मला नेहमीसारखी अर्धी खिमापोळी दिली. मी खाल्ली.

तिनं साहेबांना नाही म्हणून कळवलं.

का केलं मी असं? ती गेली असती तर समोरची खुर्ची रिकामी झाली असती, हे खरं. केबिन तिला मिळतेय आणि मला नाही, हेही खरं. यातलं किती कुठलं, ते मला वेगळं काढता येत नाही. आणि आलं तरी फरक काय पडणार होता? मध्यंतरी मी स्वतःला समजावून पाहिलं, ती शिकलेली बाई आहे, गाणं ऐकून कुणी अशी संधी सोडतं का, तिचं तिनं ठरवलं. पण तिनं डोळे मिटले होते ते माझ्या भरवशावर. पदरचं घालायचं नाही ही अट तिनंच मला सांगितली होती, आणि मी ती पाळते असं ती धरून चालली होती.

हैदराबादला आता एक तरुण मुलगी इन्चार्ज आहे. नसरीननंच तिला इथं शिकवलं. अडलं की ती फोन करते, नसरीन जेवता जेवता तिला सांगते — कापसाचं बी असं भिजव, कपाटाची ऊब तेवढी वाढवू नको. फोन ठेवला की म्हणते, "चांगली पोरगी आहे." बाकी काही नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर हे पहिल्यापेक्षा वाईट आहे. या थंडीत नसरीन स्वतः अर्थ लावायला लागली. माझ्याकडूनच शिकली, आणि हुशार आहेच. मलाही इतका आनंद व्हायचा — स्कूटीवर मागून माझा खांदा हलवून सांगायची, "ताई, तो आरसा भाऊ न्हाई वाटत, तो बाप आहे!" आणि बरोबर असायचं! एका दुपारी सगळ्यांसमोर तिनं तेच पुलाचं गाणं लावलं. डोकं एका बाजूला करून शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "हे तर जा म्हणून राह्यलं."

त्या वेळी सांगता आलं असतं. तिनं दार उघडून दिलं होतं, मी फक्त हो म्हणायचं होतं. ती रागावली असती, कदाचित स्कूटीवर बसली नसती, एवढंच. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "ऐकणाऱ्यागणिक अर्थ बदलतो, नसरीन."

"हां, तेबी आहेच," ती म्हणाली, आणि तिनं दुसरं गाणं लावलं.

अर्थ बदलत नव्हता. गाणं जा म्हणत होतं. ओळ संपायच्या आधीच मला ते कळलं होतं, आणि मी तिला थांब म्हणून सांगितलं.