आईचा आवाज आणि भरलेली डिस्क

आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर बोलता येणार नाही. हुडकेश्वरला घरी परतल्यावर बाबांनी जुना कॉम्प्युटर पुसला, माईक जोडला आणि आईला म्हणाले, मनात येईल ते बोलून ठेव.

ऑपरेशनपर्यंत रोज दुपारी ती बोलत राहिली. माहेरच्या गोष्टी, मी लहान असताना म्हणायची ती गाणी. मी ऑफिसातून फोन केला की बाबा सांगायचे, आज लई बोलली.

ऑपरेशन नीट पार पडलं. आई घरी आली आणि पाटीवर लिहून बोलू लागली. थोडी सावरल्यावर तिनंच कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. मी फायली उघडल्या. बाबांनी प्रत्येकीला नाव दिलं होतं, पण आत काहीच नव्हतं. एकच वाजली, पहिली.

"चालू झालं का हो? मले तर काही दिसून नाही राहिलं."

"बोल वं तू," बाबांचा आवाज. मग तेही तुटलं.

मी कारण शोधत बसले. आमचा प्रिंटर कधीचाच भंगारात गेला होता, पण त्याचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्येच होतं. ते सारखं प्रिंटर शोधायचं आणि सापडला नाही की तशी एक ओळ लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, फाइलमध्ये लिहायचं. ती फाइल फुगत फुगत सगळी डिस्क व्यापून बसली होती. आईच्या आवाजाला जागाच उरली नव्हती, आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम मात्र दरवेळी 'सेव्ह झालं' असंच दाखवत होता. फाइल उघडली तर कितीही खाली गेलं तरी तीच ओळ. मला ती बघवेना. मी ती फाइलच पुसून टाकली.

बाबा पलंगाच्या काठावर बसले होते. "एकदा तरी लावून पाहाले पाहिजे होतं मी," ते म्हणाले आणि रडू लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आईनं पाटी घेतली आणि लिहून त्यांच्यासमोर धरली: तुमी तं आयकलं ना सारं?

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

आता संध्याकाळी ते तिच्या माहेरच्या गोष्टी मला सांगतात. काही चुकलं की आई पाटी ओढून दुरुस्त करते. गाण्यांचे शब्दही त्यांना आठवतात. चाल मात्र येत नाही, आणि ती पाटीवर लिहिता येत नाही.