तीन पायांचं बदक

लाँड्रीत इस्त्री फिरवता फिरवता बदकमावशी मोबाइलवर गावचं तळं जपणाऱ्यांचा ग्रुप चालवायच्या. रोज सकाळी तळ्यावरच्या बदकांचा फोटो टाकायच्या म्हणून हे नाव पडलं; खरं नाव नवऱ्यालाही आठवावं लागे. ग्रुपचा नियम एकच: फोटो स्वतः काढलेलाच हवा. ढापलेला फोटो टाकणाऱ्याला मावशी शर्टाच्या कॉलरसारखं सरळ करत.

पण आज त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. माणसासारखी बोलणारी, सांगाल ती चित्रं काढणारी यंत्रं ठेवायला एक कंपनी तळ्याकाठी मोठं केंद्र बांधणार होती. यंत्रं तापणार आणि ती थंड करायला पाणी तळ्याचं! आजवर प्लास्टिकच्या पिशव्यांवर तुटून पडणारा ग्रुप खडबडून जागा झाला होता. दुपारी नगरपालिकेत सुनावणी होती.

सकाळीच ग्रुपवर फोटो आला. ‘दुसऱ्या गावात असंच केंद्र झालं, बघा!’ आटलेलं तळं, काठावर मेलेलं बदक.  नियमबियम विसरून मावशींनी तो दिसेल त्याला पाठवला. बघता बघता ग्रुप दुप्पट झाला!

सूनबाईनं फोटो मोठा करून पाहिला. “आई, या बदकाला तीन पाय आहेत हो.”

मावशींनी फोटो टाकणाऱ्या मास्तरांना फोन लावला. मास्तर ओशाळले. “चित्र कॉम्प्युटरकडून काढून घेतलं. म्हटलं, लोक पेटून उठतील.”

“म्हणजे तळं पिणाऱ्या यंत्राकडूनच?” मावशींनी कपाळावर हात मारला.

“आजचा दिवस गप्प राहा,” सूनबाई म्हणाली. “लोक ग्रुप सोडून जातील, तळंही जाईल.”

 तरी सुनावणीत मावशीच आधी उठल्या. ग्रुपचं खोटं उघडं पाडायला कंपनीच्या साहेबांनी त्याच चित्राचा कागद आणला होता.

“ते बदक खोटं आहे,” मावशी म्हणाल्या. “मी न बघता पाठवलं, चूक माझी. पण साहेब, असल्याच यंत्रानं ते काढलंय. तीन पायांची बदकं काढायला आमच्या दोन पायांच्या बदकांचं पाणी किती लागणार, तेवढं सांगा.”

सभागृह दणाणलं! साहेबांनी चित्राचा कागद घडी करून खिशात टाकला. अध्यक्ष म्हणाले, “पाण्याचा आकडा आणा. तोवर परवानगी नाही.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी काठावर चालणाऱ्या बदकाचा फोटो टाकला. खाली पहिलं उत्तर सूनबाईचं आलं: ‘पाय मोजले. दोनच आहेत.’