देवापाशी बूट काढणारा

सन दोन हजार तीन. माझं वय बासष्ट. साखऱ्याकडच्या डोंगरात, जुन्या गढीपासून निजामाच्या काळातल्या चौकीपर्यंत पळायची शर्यत होती. मी नाव दिलं तसं माझं पोरगं हसलं.

"आबा, शेवटी आलात तर उद्यापासून शेत बंद. बाजेवर बसायचं."

"बराबर," मी म्हणलं.

पहिल्याच चढाला एक अनोळखी माणूस मला मागं टाकून गेला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, पायात कॅनव्हासचे बूट. म्हसोबा आला तसा तो थांबला, बूट काढून हात जोडले. मी पुढं निघालो, तर त्यानं परत गाठलं. मग मारुतीपाशी तेच, पिरापाशी तेच. मी घामाघूम, अन् हा आपला गुणगुणत.

बारवेवरच्या आसरा देवींपाशी माझे पाय लटपटायला लागले, पण थांबणं माझ्या रक्तात न्हाई. तो बूट सोडत म्हणला, "या मामा, टेका माथा."

"मी काय थकलो न्हाई."

"थकलात म्हणलं कोण? देव बी पावते अन् दम बी खायला मिळते!"

मला हसू आवरेना. मी माथा टेकला. चौकीवर आमी संगच पोचलो. सुरुवातीला सुसाट सुटलेली तरणी पोरं अजून खाली चढावर कंबर धरून बसली होती. त्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय भोपळ्यावानी सुजले होते. तरी पोराच्या पुढं चालत मी शेताकडं निघालो, अन् वाटेतल्या एकूण एक देवापाशी वहाणा काढल्या.

"आबा, तुमी एवढे देवाचे कवापासून झालात?" पोरानं विचारलं.

मी सावकाश वहाणा घातल्या.