पेठकरांचं फिरतं क्वार्टर

पेठकर भावजी कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर आडवे व्हायचे. खाट किंवा सोफा असेल तर ते समजू शकतं. पण त्यांना आमच्या शेजारचं क्वार्टर अलॉट झालं, तेव्हा सामान ट्रकमधून उतरण्याआधी ते रिकाम्या खोलीत फरशीवर उताणे पडलेले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले होते. मला वाटलं, प्रवासात माणसाला काही झालं. त्यांची बायको कुसुम दाराशी उभी होती. ती म्हणाली, "काही झालं नाही. बघतायत." पडल्या पडल्याच ते मला म्हणाले, "वहिनी, उभ्याने सगळंच चांगलं दिसतं. पडल्यावर कळतं छत कुठे गळतंय." छत खरंच गळत होतं. पण क्वार्टर बदलून मिळणार नव्हतं, मग पडून फायदा काय, असं मी तिथेच विचारलं. "निदान माहीत असलेलं बरं," म्हणाले आणि उठून पाणी प्यायले.

ते कारखान्यात मार्कर होते. मोठमोठ्या लोखंडी तुकड्यांवर खडू फासून, कुठे कापायचं आणि कुठे भोक पाडायचं त्या रेषा आखायच्या, हे त्यांचं काम. त्या तुकड्यांची मशीनं व्हायची आणि कुठल्या कुठल्या धरणांवर जायची. भावजी मात्र साताऱ्याकडून भोपाळला आले ते पिपलानीतली आमची क्वार्टरं ते कारखान्याचं गेट एवढ्याच रस्त्यावर राहिले. वर्षातून एकदा गावी, तेही लग्न किंवा मयत असेल तर. एकदा आमच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "माझ्या हातून गेलेलं लोखंड पार हिमाचलात जाऊन बसलंय. मी इथल्याच बैरागढच्या पुढे गेलो की बायको डबा देते." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

गाडीचं खूळ त्यांच्या डोक्यात मोठ्या तलावाच्या काठी शिरलं. रविवारी ते सायकलने तिकडे जात. तिथे एक गोरं जोडपं गाडी लावून राहिलं होतं. गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक. भावजींना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना हिंदी. तरी भावजी आत जाऊन त्यांच्या पलंगावर पडून आले. घरी येऊन कुसुमला म्हणाले, "रिटायर झालो की आपण असंच राहायचं." कुसुम तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "संडास कुठे होता?" भावजींनी ते बघितलं नव्हतं.

ज्यांना टाउनशिपचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नोकरी आहे तोवर क्वार्टर. रिटायर झालं की ठरल्या मुदतीत किल्ली परत करायची. म्हणून शहाणी माणसं आधीपासून साकेत नगरात प्लॉट घेऊन ठेवत. आम्हीही घेतला. भावजींनी घेतला नाही. आमचे हे त्यांना दर वर्षी सांगायचे, पेठकर, अजून वेळ आहे. भावजी म्हणायचे, "आयुष्यभर दुसऱ्याने दिलेल्या घरात राहिलो. एक तरी मी निवडून घेतो." निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली, तेव्हा त्यांनी खरंच गाड्या बघायला सुरुवात केली. कुसुमला मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं, तू हो म्हटल्याशिवाय एकही गाडी दारात येणार नाही. कुसुम हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. माझं मत मी कुणी न विचारताच दिलं होतं. गुडघेदुखीच्या बाईने गाडीत राहू नये, हे माझं मत.

पहिली गाडी एक जुनी अँब्युलन्स होती. लांबीला चांगली, झोपायची सोय आयती. भावजी तिच्यात पडून आले आणि खूश झाले. कुसुम म्हणाली, "लोक मेलेत तिच्यात. मी तिथे पोळ्या लाटू?"

"अगं, अँब्युलन्समध्ये माणसं वाचतात," भावजी म्हणाले.

मी म्हटलं, "वाचलेली माणसं घरी रिक्षाने जातात, भावजी." अँब्युलन्स राहिली.

दुसरी छोटी व्हॅन होती, भाजीवाल्याची. भावजी तिच्यात पडले तेव्हा पाय दाराबाहेर आले. तिसरी म्हणजे कोटरा सुल्तानाबादमधल्या एका माणसाकडची शाळेची मिनी बस. शाळा बंद पडली होती आणि बस अंगणात उभी होती. भावजी तिच्या मागच्या लांब सीटवर इतका वेळ पडून राहिले की मालक आत डोकावून म्हणाला, "बाबूजी, लेटना तो हो गया, अब चला के भी देख लो." ही गाडी त्यांना पटली. आता प्रश्न कुसुमचा होता.

तेव्हा त्यांनी जे केलं ते एखादा मार्करच करील. बसचं आतलं माप आणून त्यांनी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत फरशीवर खडूने अख्खी बस आखली. इथे पलंग, इथे ओटा, इथे पाण्याची टाकी, इथे दार. कुसुमला म्हणाले, "आठ दिवस या रेषांच्या आत राहू. तुला गुदमरलं तर विषय बंद." आंघोळ आणि संडास तेवढे रेषेबाहेर, असं ठरलं.

क्वार्टरांची सगळी लाइन बघायला आली. बायका दारातून आत यायच्या आणि थबकायच्या. कुसुम म्हणायची, "तिकडून नको, तिथे भिंत आहे. दार इकडे." एवढ्या मोठ्या बायका पदर सावरत खडूच्या दारातून आत जायच्या आणि खडूच्या पलंगावर बसायच्या. मीही गेले. स्टोव्ह, चार डबे, दोन पातेली, पोळपाट, सगळं हाताच्या अंतरावर होतं. कुसुम बसल्या जागेवरून न उठता स्वयंपाक करत होती. मला म्हणाली, "ताई, गुडघ्याला बरं आहे हो हे." मी म्हटलं, "पाऊस आला की बोल."

रेषा मोडल्या त्या भावजींनी. पेपर पडला की ते भिंतीतून सरळ बाहेर. कुणी हाक मारली की ओट्यावरून बाहेर. कुसुम म्हणायची, "अहो, आत्ता तुम्ही इंजिनातून गेलात." ती स्वतः मात्र आठही दिवस दारातून आत-बाहेर करत राहिली. शेवटच्या दिवशी तिने ओलं फडकं घेऊन फरशी पुसून टाकली आणि म्हणाली, "गाडी घ्या. राहायचं मी अजून ठरवलेलं नाही." भावजींना तेवढं पुरलं.

गोविंदपुऱ्यात रफीकभाई म्हणून गाड्यांच्या बॉड्या बांधणारा होता. त्याने सीटा काढल्या. खाली सामान राहावं म्हणून फळ्यांची जमीन वर उचलली. उकाडा कमी व्हावा म्हणून छताला आतून प्लाय मारला. भावजी रोज जाऊन उभे राहायचे, म्हणजे बाहेर. आत गेले तर पलंगाच्या फळीवर आडवे व्हायचे. गाडी तयार झाली आणि बघायला आम्ही चौघं गेलो. भावजी नवा शर्ट घालून आत चढले, सरळ झाले आणि टाळू प्लायवर आपटली. पुन्हा सरळ व्हायला गेले, पुन्हा आपटली. माणूस पुरा सहा फूट. बस मुळात बारक्या पोरांची, त्यात खालून फळ्या आणि वरून प्लाय. गाडीत शिरताना सगळेच वाकतात, म्हणून त्यांना आधी ते खटकलं नव्हतं. फरशीवर आखलेल्या बसला छत नव्हतं, हेही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

रफीकभाई म्हणाला, "आपने हाइट बताई ही नहीं. हमने सोचा, आप तो लेटते ही हैं."

छत उंच करायचं तर अख्खी बॉडी उलगडायची, आणि कागदपत्रांची वेगळी कटकट. भावजी पायरीवर बसले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "विकून टाकू. साकेत नगरात एखादी खोली भाड्याने बघू. माझंच चुकलं." आमचे हे लगेच म्हणाले, "खोली मिळेल, मी बघतो." मीही मान हलवली. मला बरंच वाटलं होतं.

कुसुम तोवर आत गेली होती. ती बुटकी. डोक्याला छत लागत नव्हतं. तिने ओट्यावर हात ठेवून बघितला, डब्यांची फळी बघितली, खिडकी सरकवून बघितली. आतूनच म्हणाली, "मी उभी राहू शकते."

"तू राहशील. माझं काय?" भावजी म्हणाले.

"तुम्ही चालवायला बसाल, जेवायला बसाल आणि झोपायला पडाल. उभं राहायला बाहेर सगळा देश आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, पुसायला कपडा असेल तर द्या. भुसा पडलाय सगळीकडे." तो तिचा होकार. एवढ्या वर्षांत तिने हो असं शब्दात म्हटलेलं मी ऐकलं नाही, तेव्हाही नाही.

किल्ली परत केली त्याच दिवशी ते निघाले. पिपलानीत लोक म्हणाले, पेठकरने म्हातारपणी बायकोला रस्त्यावर आणलं. गाडीला फिरतं क्वार्टर म्हणून हसले. इंदूरची त्यांची मुलगी वर्षभर बापाशी बोलली नाही. ते फिरत राहिले आणि थंडीत साकेत नगरात आमच्या घरासमोर कडुनिंबाखाली येऊन थांबायचे. मी वरची खोली देऊ केली. भावजी एक दुपार तिथे जाऊन पडले आणि खाली आले. म्हणाले, "चांगली आहे, वहिनी. पण खिडकीत रोज तेच दिसणार."

हिमाचलातल्या त्या धरणावरही गेले. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. गेटबाहेर गाडी लावून दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली आणि निघाले. मी म्हटलं, "एवढ्या लांब जाऊन काय मिळालं?" भावजी म्हणाले, "आवाज आला ना. मशीन चालू होतं." सगळं सुखाचं होतं असं नाही. एकदा राजस्थानात कुसुमला काविळीने धरलं. एका पावसाळ्यात सगळे कपडे बुरशीने गेले. भावजींची मान कायमची थोडी पुढे झुकली. मी विचारलं तर दोघंही तक्रारी सांगायची, लपवत नव्हती. फक्त परत यायचं म्हणत नव्हती.

एका थंडीत आले तेव्हा भावजींना दम लागत होता. शेजारच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले नाहीत. विधी आमच्या अंगणात झाले. भेटायला येणाऱ्यांची पंचाईत झाली. चपला कुठे काढायच्या, बसायचं कुठे, बाईला भेटायचं ते घरात की गाडीत, कुणाला कळेना. कुसुम गाडीच्या पायरीवर बसून होती. जुन्या लाइनीतली एक बाई आली, रडली आणि कुसुमचा हात धरून म्हणाली, "फार हाल काढलेस गं. चल, आता मुलीकडे जाशील. एकदाचं घर तरी मिळेल."

कुसुमने हात सोडवून घेतला.

"घर आहे," ती म्हणाली. "माणूस गेला."