छापील कार्यक्रम

सदाशिव पेठेत कॉफी दळून देणाऱ्या दुकानावरून गेलं, की मला कूर्गमधली ती सकाळ आठवते. वारजेतल्या आमच्या सोसायटीची सहल होती आणि सेक्रेटरी या नात्यानं कार्यक्रम मीच छापून प्रत्येकाच्या हातात दिला होता. दहा वाजता, कॉफीची बाग. डोंगरावर अजून धुकं होतं, थंडी होती, आणि सगळे कानटोप्या घालून वेळेवर हजर होते. बागेचा मालक आला आणि तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, आज बाग बंद आहे, सकाळी फळं तोडताना आमच्या एका बाईला हत्तीनं मारलं. बायको माझी बाही ओढत होती, तरी मी म्हणालो, "वाईटच झालं. पण हत्ती गेला ना आता? आम्ही पुण्याहून आलोय हो, बाग बघायला." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तो पुढे चालायला लागला. फक्त लाल फळ तोडायचं, हिरवं झाडावर ठेवायचं, हे त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. मग एका वळणावर थांबला. तिथली झुडपं आडवी झाली होती आणि एका फांदीला कमरेला बांधायची पिशवी अडकली होती, फळांनी अर्धी भरलेली. त्यात एकही हिरवं नव्हतं. "आणखी काही लिहिलंय का कागदावर?" त्यानं विचारलं. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. साडेअकरा वाजता, धबधबा. तिथे आम्ही वेळेत पोहोचलो.