मिशनातला माणूस

धुडकू पाटील अमेरिकेला गेला तो रांधायला. धुळ्याला ज्या साहेबांकडे तो स्वयंपाकी होता, त्यांची सत्तावन्न साली न्यूयॉर्कला बदली झाली. जगात लढाया होऊ नयेत म्हणून सगळे देश जिथे एकत्र बसतात, त्या संयुक्त राष्ट्रसंघातल्या भारताच्या मिशनात. जाताना धुडकूने ते लांबलचक नाव बायकोकडून, जसोदाबाईकडून, घोकून घेतलं. बिचारीच्या लक्षात शेवटचा शब्द तेवढा राहिला.

आणि मिरवायची हौस दांडगी! तापीच्या घाटावर कुणी विचारलं की मान ताठ करून म्हणे, “मन्हा मालक मिशनमा शे.”

आता आमच्याकडे मिशन म्हणजे एकच, शेजारच्या गावातल्या पाद्र्यांचं. भली माणसं होती ती, दवाखाना चालवायची. पण गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. धुडकू बाटला! धुडकूची आई तापीबाई, तिने तर लेकाचं नाव घेणंच सोडलं. जसोदा जीव तोडून सांगे, “माय, ते मिशन येगळं शे, सरकारनं शे.” म्हातारीला सुनेच्या भोळेपणाची कीव यायची.

दोन पावसाळे गेले आणि तापीबाईच्या छातीत कफ भरला. श्वास घेता येईना. जवळ दवाखाना एकच, मिशनचा. जसोदाने गाडी जुंपून दारात आणली. म्हातारीने खाटेची कड घट्ट धरली.

“मन्हा पोऱ्या हिसकी लिधा त्यास्नी. आते माले बी लई चालनी का?”

जसोदाने पाय धरले, रडली, संतापलीसुद्धा. अखेर बैल सोडावे लागले. आठवडा उलटायच्या आत म्हातारी गेली. चिता पेटवली ती पुतण्याने.

पुढे कधीतरी धुडकू परतला. गळ्यातली तुळशीची माळ होती तशीच होती. ती पाहून गाव खाली मान घालून निघून गेलं. आईसाठी आणलेली लोकरीची शाल मांडीवर घेऊन तो ओट्यावर बसला.

“मिशनना दवाखाना एवढा जोडे व्हता,” तो म्हणाला. “मायले तठे का बरं नै लई गयी?”

जसोदाबाईला वाटलं, धरणी दुभंगावी.

“तुम्हीन मिशनमा व्हतात ना, म्हनीसन.”

त्याला काही कळेना. मग तिने घाटावरच्या त्या बढाईपासून सगळं सांगितलं, स्वतःला काही वगळलं नाही. धुडकू उठला, घरात गेला.

“मी तठे खिचडी-कढीच रांधी वं,” एवढं म्हणाला आणि आईच्या रिकाम्या खाटेवर बसून ढसाढसा रडला.